कच्च्या तांदळाने चिमण्यांचे पोट फुटते का?

अंगणात पक्ष्यांना कच्चा तांदूळ टाकू नये, कारण तो पोटात पाणी शोषून फुगतो आणि पोट फुटून ते मरतात, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यात तथ्य नाही.

साताऱ्यातील पाटण-जावळीच्या किंवा सांगलीतील शिराळ्याच्या भातखाचरांत लोंब्या भरू लागल्या की चिमण्या, मुनिया आणि सुगरणी थव्याने उतरतात, आणि शेतकऱ्याला डबे वाजवत राखणीला बसावे लागते. तांदूळ पक्ष्यांना मारत असता, तर ही राखण लागलीच नसती. पक्षी दाणा आधी गळ्याजवळच्या अन्नपिशवीत साठवतो, तेथे तो भिजून किंचित मऊ होतो आणि पुढे जाड स्नायूंच्या पेषणीत, गिळलेल्या बारीक खड्यांच्या साहाय्याने, पार भरडला जातो. शिवाय तांदूळ शिजून फुलायला 60 अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. पक्ष्याचे शरीर साधारण 40 ते 42 अंशांचे असते.

म्हणून कण्या, ज्वारी, बाजरी निर्धास्त टाकावी. खारे फरसाण आणि बुरशी धरलेले धान्य मात्र खरोखर अपायकारक आहे, आणि त्याबद्दलचा संदेश सहसा कोणी पाठवत नाही. सोबत पाण्याचे पसरट भांडे ठेवून ते रोज घासावे.