खाड्याचे पैसे आणि वरचं दार: इंग्लंडच्या रग्बी लीगमधल्या दुसऱ्या श्रेणीची पार्श्वभूमी

यॉर्कशरमधल्या बॅटली गावचं माउंट प्लेझंट मैदान सपाट नाही. टेकडीच्या अंगावर ते वसलंय आणि एका कोपऱ्याकडे चांगलं उतरत जातं. पाहुण्या संघाला तो उतार कळेपर्यंत निम्मा सामना संपलेला असतो. मार्चमधल्या एका पावसाळी रविवारी मी तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा कठड्याला टेकून उभे असलेले एक आजोबा मैदानातल्या आडदांड गड्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यानेच माझ्या घराचं छप्पर बसवलं." सामना संपल्यावर तोच गडी मानेला बर्फाची पिशवी लावून क्लबच्या बारमध्ये सगळ्यांशी बोलत उभा होता. सोमवारी सकाळी त्याला पुन्हा कुणाच्या तरी छपरावर चढायचं होतं.

इंग्लंडमधल्या रग्बी लीगची ही दुसरी श्रेणी. आजचं नाव चॅम्पियनशिप. इथले बहुतेक खेळाडू अर्धव्यावसायिक आहेत. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव आणि शनिवार-रविवारी सामना. वर सुपर लीग आहे, पूर्ण व्यावसायिक, टीव्हीवरची. २०२५च्या हंगामानंतर सुपर लीग १२ वरून १४ संघांची झाली आणि यॉर्क, तुलूझ आणि ब्रॅडफर्ड हे तीन क्लब खालून वर गेले. मात्र नुसते सामने जिंकून नव्हे. ब्रॅडफर्डला गुणांकनाने (क्लबचं उत्पन्न, मैदान, प्रेक्षक वगैरेंवर मिळणारे गुण) वर नेलं, तर यॉर्क आणि तुलूझ यांना एका समितीने निवडलं. खालच्याला वरचं दार कधी उघडतं आणि ते कोण उघडतं, हा वाद या खेळात सव्वाशे वर्षं चालू आहे.

आधी खेळाबद्दल थोडं. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर जो खेळ चालतो, तो रग्बी युनियन. लीग वेगळा. त्यात १५ ऐवजी १३ खेळाडू असतात. चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडलं की तो उठतो, टाचेने चेंडू मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. कबड्डी पाहिलेल्या माणसाला ही पकड, ते उठणं आणि पुन्हा भिडणं चटकन कळतं.

हे दोन खेळ वेगळे झाले ते एका शब्दावरून. इंग्रजीत त्याला ब्रोकन टाइम, म्हणजे फुटलेला वेळ म्हणतात. आपल्या गिरणगावात त्याला नेमका शब्द होता: खाडा. लँकेशर-यॉर्कशरच्या कापड गिरण्या आणि कोळशाच्या खाणी शनिवारीही दुपारपर्यंत चालत. परगावचा सामना असला की कामगाराला सकाळीच निघावं लागे, म्हणजे खाडा पडे आणि रोज बुडे. वकील-डॉक्टरांच्या दक्षिणेकडच्या क्लबांना ही अडचण ठाऊकच नव्हती. खेळाडूंचे बुडालेले रोज क्लबने भरून द्यावेत असा प्रस्ताव १८९३ साली उत्तरेकडच्यांनी रग्बी युनियनच्या सभेत मांडला आणि तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. हौशीपणाच्या नावाखाली गरिबाला मैदानाबाहेर ठेवण्याचा तो निर्णय होता, असं मला ठामपणे वाटतं.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन ही वेगळी संघटना काढली. पहिल्या हंगामात २२ क्लब होते. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. पहिलं विजेतेपद ब्रॅडफर्डमधल्या मॅनिंगहॅम क्लबने मिळवलं. पुढे सातच वर्षांत पैशाच्या ओढाताणीमुळे तो क्लब फुटबॉलकडे वळला आणि आजचा ब्रॅडफर्ड सिटी झाला. पुढे १९०६मध्ये दोन खेळाडू कमी झाले आणि खेळ मोकळा, वेगवान झाला. १९२२ साली संघटनेने रग्बी फुटबॉल लीग हे नाव घेतलं.

१८९८मध्ये खेळण्याचे उघड पैसे द्यायला परवानगी मिळाली, पण एक अट होती: खेळाडूकडे खरीखुरी नोकरी हवी. बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणं किंवा दारूच्या गुत्त्यात वाढप्याचं काम नोकरीत धरलं जात नसे, आणि क्लबने स्वतःकडे काम दिलं तर तेही नाही. आठवड्यात कामावर दांडी मारली तर शनिवारी मैदानात उतरता येत नसे. ही अट १९०५मध्ये गेली. पण पोटासाठी काम आणि जोडीला खेळ ही घडण मात्र राहिली. दुसऱ्या श्रेणीत ती अजून आहे. मुंबईतले कबड्डीपटू वर्षानुवर्षं रेल्वे, बँका, कंपन्यांच्या नोकऱ्या करत खेळले. तशीच ही माणसं.

आता श्रेणीची गोष्ट. १९०१मध्ये १४ बड्या क्लबांनी आपली स्वतंत्र लीग केली, कारण दुबळ्या संघांशी खेळून गल्ला जमत नव्हता. पुढल्या वर्षी, १९०२-०३मध्ये, उरलेल्या क्लबांमधून १८ संघांची दुसरी श्रेणी उभी राहिली. पहिला विजेता कीथली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. नंतर वेकफील्ड ट्रिनिटी आणि ड्यूजबरी जिंकले आणि १९०५मध्ये दुसरी श्रेणी गुंडाळली गेली. खालच्या संघांचे शेजारगावच्या मोठ्या क्लबांशी होणारे सामने बंद झाले होते. तेच तर गर्दी खेचायचे. तिकिटं खपेनात आणि प्रवासाचा खर्च वाढला. मग पुन्हा सगळे एका यादीत आले. सगळ्यांचे सामने सारखे नसल्यामुळे क्रमवारी टक्केवारीवर ठरू लागली. या गोंधळावर तोडगा म्हणून पहिल्या चार संघांत अंतिम फेरी खेळवायची पद्धत आली.

पुढची साठ-एक वर्षं तशीच गेली. १९६२मध्ये पुन्हा प्रयोग झाला, वर १६ आणि खाली १४. पहिला हिवाळाच असा कडाक्याचा निघाला की मैदानं आठवडेच्या आठवडे गोठलेली राहिली. डिसेंबर १९६३मध्ये ब्रॅडफर्ड नॉर्दर्न हा नावाजलेला क्लब भर हंगामात बंद पडला. १९६४मध्ये पुन्हा एकच लीग.

खरा पाया १९७३-७४मध्ये घातला गेला. तेव्हा झालेली विभागणी टिकली आणि दुसऱ्या श्रेणीचा पहिला विजेता ठरला पुन्हा उभा राहिलेला ब्रॅडफर्ड नॉर्दर्न. त्या काळी चार संघ वर जात आणि चार खाली येत. गिरण्या बंद पडत होत्या, लोक घरात टीव्हीसमोर बसू लागले होते, तरी या चढउतारामुळे एप्रिलपर्यंत प्रत्येक सामन्याला अर्थ असे. १९७८-७९मध्ये हल क्लबने दुसऱ्या श्रेणीतले २६च्या २६ सामने जिंकले. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही. १९८०मध्ये लंडनमध्ये फुलम हा नवा क्लब निघाला, आणि उत्तरेकडचा हा खेळ राजधानीत फुटबॉलच्या मैदानावर जाऊन बसला. पहिल्याच हंगामात तो वर गेला, खाली आला आणि १९८३मध्ये विजेता होऊन परत वर गेला. फेदरस्टोन हे खाणकामगारांचं छोटं गाव. त्यांच्या रोव्हर्सनी १९८० साली दुसरी श्रेणी जिंकली आणि तीनच वर्षांनी लंडनच्या वेंब्ली मैदानावर हलला १४-१२ हरवून चॅलेंज कप ही सगळ्या श्रेणींसाठीची बाद स्पर्धा जिंकली. १९८५मध्ये तिथली अॅक्टन हॉल खाण बंद झाली. गावात क्लब राहिला.

मग १९९५ उजाडलं, आणि इथे मला थांबावंसं वाटतं.

कीथली हे डोंगरकुशीतलं गिरणगाव. लिहितात वेगळं, म्हणतात कीथली. क्लब जवळजवळ संपलेला होता. १९९१मध्ये त्यांनी नावापुढे कुगर्स जोडलं, सामन्याच्या दिवशी संगीत, शुभंकर, मुलांसाठी कार्यक्रम, शाळांमध्ये जाऊन शिबिरं असं सगळं सुरू केलं. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण मैदान भरू लागलं. १९९३मध्ये त्यांनी तिसरी श्रेणी जिंकली आणि १९९४-९५मध्ये दुसरी. नियमाप्रमाणे ते वर जायला हवे होते.

त्याच एप्रिलमध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीचा टीव्ही-करार आला. क्लबांच्या प्रमुखांनी विगनमध्ये एका दिवसात होकार दिला. सुपर लीग नावाची नवी स्पर्धा, हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात. क्लबांचं विलीनीकरणही त्यात होतं. कॅसलफर्ड, फेदरस्टोन आणि वेकफील्ड मिळून एक 'कॅल्डर', हलचे दोन्ही क्लब मिळून एक 'हम्बरसाइड', विडनेस आणि वॉरिंग्टन मिळून 'चेशर'. ज्या गावांनी शंभर वर्षं एकमेकांशी झुंजण्यात जीव ओतला, त्यांना एका जर्सीत कोंबायचं होतं. लोक मैदानांवर फलक घेऊन उतरले आणि महिनाअखेर विलीनीकरण मागे घ्यावं लागलं. पाच वर्षांची रक्कमही ७.७ कोटींवरून ८.७ कोटी पौंडांवर गेली. पण सुपर लीग १२ संघांची ठरली. त्यात पॅरिसला जागा होती, लंडनला होती, कीथलीला नव्हती. लंडनचा संघ त्यांच्याच श्रेणीत, त्यांच्या खाली होता. राजधानीचा टीव्ही-बाजार हवा म्हणून त्याला वर घेतलं. कीथलीने मैदानावर जे कमावलं, ते कागदावर काढून घेतलं गेलं. गर्दी ओसरली आणि क्लब कर्जात बुडाला. आजतागायत कीथली सुपर लीगमध्ये खेळलेला नाही. त्या ऑगस्टमध्ये रग्बी युनियनने हौशीपणाचा नियम रद्द केला, फुटीला शंभर वर्षं पुरी होत असताना.

१९९६पासून दुसरी श्रेणीही उन्हाळी झाली. १९९९मध्ये दुसरी आणि तिसरी श्रेणी एकत्र करून १८ संघांची नॉर्दर्न फोर्ड प्रीमियरशिप आली. तिच्या पहिल्या अंतिम सामन्यात हन्स्लेटने ड्यूजबरीला १२-११ असं हरवलं आणि त्यांना वरच्या श्रेणीत जागा नाकारली गेली. पुढल्या वर्षी ड्यूजबरीने ली संघाला १३-१२ असं हरवलं आणि त्यांनाही नाकारली गेली. मैदान, आसनं, पैसा यांचे निकष पुरे होत नव्हते म्हणे. दोन वर्षं लागोपाठ, एकेका गुणाने जिंकलेले दोन अंतिम सामने, आणि दोन्ही विजेते जिथल्या तिथे. निकष असावेत हे मला पटतं. पण ते आधी माहीत असताना अंतिम सामना चढाईचा म्हणून खेळवायचा आणि नंतर दार लावायचं, हे पटत नाही. २००१मध्ये विडनेस वर गेले आणि दार पुन्हा उघडलं. २००३मध्ये श्रेणी पुन्हा विभागली गेली, नॅशनल लीग वन आणि टू.

२००९मध्ये चॅम्पियनशिप हे नाव आलं आणि त्याच वर्षी परवान्यांची पद्धत. म्हणजे चढउतार बंद, तीन वर्षांसाठी कोण वर खेळणार हे अर्जांवरून ठरणार. बॅरो, हॅलिफॅक्स, फेदरस्टोन, शेफील्ड ईगल्स, ली यांनी अंतिम सामने जिंकले, चषक उचलले आणि दुसऱ्या वर्षी तिथेच खेळायला आले. २०१५मध्ये सगळं बदललं. दोन्ही श्रेणींतले १२-१२ संघ हंगामाच्या शेवटी आठ-आठच्या तीन गटांत वाटले जात. मधल्या गटात वरच्या श्रेणीतले तळाचे चार आणि खालच्या श्रेणीतले अव्वल चार. सुपर लीगमधली शेवटची जागा एका सामन्यावर ठरायची, त्याला दहा लाख पौंडांचा सामना म्हणत. २०१६मध्ये हल किंग्स्टन रोव्हर्स १९-१८ असे सुवर्णगुणावर (जादा वेळेत जो पहिला गुण मिळवेल तो जिंकतो) हरले आणि खाली गेले. २०१८चा सामना टोरोंटोमध्ये झाला. कॅनडातला टोरोंटो वुल्फपॅक लंडनकडून ४-२ असा हरला. दोन्ही बाजूंनी एकही ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) नाही, नुसत्या पेनल्टी. टोरोंटो पुढल्या वर्षी वर गेला, पण करोनाच्या २०२० सालात हंगाम अर्धवट सोडून बाहेर पडला. त्या वर्षी चॅम्पियनशिप रद्दच झाली. नोकरदार खेळाडूंना टाळेबंदीत रिकाम्या मैदानावर खेळवणं बहुतेक क्लबांना परवडणारं नव्हतं.

२०२२मध्ये आयएमजी या क्रीडा-विपणन कंपनीशी १२ वर्षांचा करार झाला आणि गुणांकन आलं. प्रेक्षकसंख्या, उत्पन्न, मैदान, डिजिटल पोहोच आणि खेळातली कामगिरी यांवर क्लबला गुण, आणि गुणांवर श्रेणी. बॅटली आणि कीथली यांनी उघड विरोध केला. १९९५ कुणी विसरलं नव्हतं. २०२३च्या अंतिम सामन्यात लंडन ब्राँकोसनी तुलूझला त्यांच्याच मैदानावर १८-१४ असं हरवलं आणि ते वर गेले. त्याच महिन्यात नमुन्यादाखल गुणांकन जाहीर झालं आणि त्यात लंडन २४वे निघाले. म्हणजे वरचा पहिला सामना खेळण्याआधीच खाली येणं जवळजवळ ठरलेलं होतं. तरी ते २०२४चा अख्खा हंगाम खेळले, तळाला राहिले आणि खाली आले. त्यांच्या जागी गेलेल्या वेकफील्डने चॅम्पियनशिप जिंकली होती आणि गुणही मिळवले होते, त्यामुळे त्या वर्षी भांडण झालं नाही.

२०२६साठी तिसरी श्रेणी चॅम्पियनशिपमध्येच मिळवली गेली, १९९९सारखी. बॅटली अजून तिथेच आहे. १८९७चा पहिलावहिला चॅलेंज कप या क्लबने जिंकला होता. २०२२मध्ये तो चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ली संघाकडून ४४-१२ असा हरला. त्या संघातही बहुतेकांना सोमवारी कामावर जायचं होतं.