संत्र्याच्या बहारातली 'मधमाशी' कुठून येते?

आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा संत्र्याचा फुलोरा, फुलला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या बागांत मधमाश्यांच्या गर्दीत एखादी जाडसर, तपकिरी-पिवळी माशी हमखास सापडते. फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबते, मग एकदम बाजूला सरकते. ही मधमाशी नव्हे. तिला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन. शिवाय मिशा अगदी आखूड आणि नांगी नाहीच. माश्यांच्या सिरफिड कुळातल्या एरिस्टॅलिस आणि एरिस्टॅलिनस या दोन जवळच्या प्रजातींतल्या माश्या अशा दिसतात. आपल्या मैदानी भागात एरिस्टॅलिनस अधिक; डोळ्यांवरच्या ठिपक्यांवरून किंवा पट्ट्यांवरून ती पटकन ओळखू येते.

तिला मधमाशी समजण्याची चूक फार जुनी आहे. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत शतकानुशतकं लोक मानत आले, की मेलेल्या बैलातून मधमाश्या जन्मतात. रोमन काळात तर त्याची रीतसर कृतीच सांगितली जाई: कोवळा बैल मारून बंद खोलीत ठेवायचा आणि वाट पाहायची. बायबलमधल्या सॅमसनलाही सिंहाच्या सांगाड्यात मधमाश्या दिसतात. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेदीनं मांस झाकून ठेवून दाखवलं, की माश्यांनी अंडी घातल्याशिवाय अळ्या होत नाहीत. पण मग इतक्या पिढ्यांनी बैलातून उडताना पाहिलं ते काय?

उत्तराचा अर्धा भाग फ्रान्सच्या रेओम्यूर या कीटक अभ्यासकाकडे होता. साचलेल्या घाण पाण्यातल्या, उंदरासारखी शेपटी असलेल्या, याच माश्यांच्या अळ्यांचं वर्णन त्यानं १७३८मध्ये छापलं. ती शेपटी म्हणजे श्वासाची नळी. भांड्यातलं पाणी तो वाढवत गेला, तशी अळी तळाशी राहूनच नळी लांबवत गेली. टोक कायम पाण्याबाहेर. नळीचे भाग एकात एक सरकतात, म्हणून ती शरीराच्या कित्येक पट लांब होते. प्राणवायू जवळपास संपलेल्या पाण्यातही ही अळी सडका पाला, शेण आणि जिवाणू खात आरामात वाढते, ती या नळीमुळेच. कोषावस्थेसाठी मात्र ती कोरड्या मातीत येते. मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर निरीक्षण रेओम्यूरचं हे नळीचंच वाटतं.

पुढे जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५८मध्ये यातल्या सर्वांत प्रसिद्ध जातीला 'टेनॅक्स' नाव दिलं आणि फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेयनं १८०४मध्ये एरिस्टॅलिस ही प्रजाती वेगळी केली. बैलाची समजूत आणि शेपटीवाली अळी हे दोन्ही धागे जोडले ते ओस्टेन-साकेन या रशियन राजनैतिक अधिकाऱ्यानं. माश्यांचा तो मोठा अभ्यासक. बैलातून निघणाऱ्या त्या 'मधमाश्या' म्हणजे एरिस्टॅलिस टेनॅक्स, सडत्या देहातल्या द्रवात वाढलेली, हे त्यानं १८९४मध्ये मांडलं. भारतातल्या सिरफिड माश्यांची सविस्तर नोंद ब्रुनेटी या कीटक अभ्यासकानं १९२३मध्ये केली.

आपल्या शेतकऱ्याला सिरफिड माशी ठाऊक असते ती मावा फस्त करणाऱ्या अळीमुळे. त्या जाती वेगळ्या. एरिस्टॅलिसची अळी मावा खात नाही, म्हणून मित्रकीटकांची चर्चा निघाली की ती मागे पडते, आणि हे मला खटकतं. प्रौढ माशी मकरंद आणि पराग खाते, अंगावरच्या केसांत पराग घेऊन फुलाफुलांवर फिरते. परदेशात कांदा-गाजराच्या बीजोत्पादनात तिला परागीभवनासाठी मुद्दाम वापरून पाहिलं गेलं आहे. गोठ्यामागचं डबकं, उकिरड्याचं पाणी, शहरातली तुंबलेली नाली ही या माश्यांच्या अळ्यांना लागणारी जागा. तिथे शेपटीवाली अळी दिसली, तर ती चावत नाही की पिकाला हात लावत नाही. तिला मारायचं काही कारण नाही.