खेळातल्या ठाण्याचा नकाशा छापायला देण्याआधी

लग्नपत्रिका, बिलबुकं आणि वाढदिवसाचे फ्लेक्स हे अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या आमच्या छोट्या दुकानाचं रोजचं काम. दिवाळीत मात्र अमरावती-पुण्याला शिकणारी पोरं गावी आली की वेगळीच ऑर्डर येते: टेबलावर मांडून खेळायच्या फँटसी खेळाचा नकाशा. एक जण गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, बाकीचे कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. डाइस टाकायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. ‘हे पोट्टे कायचे नकाशे छापून रायले?’ असं शेजारच्या कृषी केंद्रवाल्यांनी विचारून झालं आहे. सर्वांत जास्त मागणी सरहद्दीवरच्या तटबंद ठाण्याला. छापून आम्ही काहीही देऊ, पण नकाशाच फसलेला असेल तर तुमचे पैसेही जातात आणि रात्रही. म्हणून हे पत्रक.

ठाणं राखतं काय?

चार बुरूज काढून सुरुवात करू नका. घाटाची वाट, नदीचा उतार, खाणीचं तोंड की जकातनाका, ठाणं काय राखतं ते आधी लिहून काढा. दरवाजा कुठे, पहारेकऱ्याची नजर कुठे आणि पाठ कुठे, हे त्यावरून आपोआप ठरतं.

मग माणसं मोजा. आमच्याकडे येणाऱ्या कच्च्या नकाशांत बुरूज बारा असतात आणि सोबतच्या कागदावर शिपाई पंधरा! वीस शिपाई धरा. तीन पाळ्या लावल्या तर एका वेळी पहाऱ्यावर सहा-सात जण. दोघं दरवाजाच्या देवडीत, उरलेले तटावर. चार-पाच माणसांना सांभाळता येईल एवढाच तट काढा. ऐंशी फूट लांब आणि तेवढाच रुंद भरपूर झाला. एखाद्या गावातली जुनी पांढऱ्या मातीची गढी हिंडून पाहिलीत, तर एवढ्याशा जागेत काय काय मावतं ते कळेल.

पाणी जवळपास प्रत्येक जण विसरतो. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच फँटसी खेळाच्या नियमांत माणसाला दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी लागतं आणि कडक उन्हाळ्यात दुप्पट. म्हणजे उन्हाळ्यात वीस शिपायांचे झाले दीडशे लिटर. घोडे वेगळे, एकेक घोडा तीस-चाळीस लिटर सहज पितो. मे महिना विदर्भात काढणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. विहीर किंवा टाकं आत नसेल तर रोज कोणीतरी दरवाजा उघडून पाण्याला बाहेर पडणार, आणि खेळाडूंना तेवढी फट पुरते.

कच्ची जागा मुद्दाम ठेवा

जिंकताच येणार नाही असं ठाणं काढण्यात मजा नाही. गेम मास्टरला ते फार आवडतं, खेळाडू मात्र दोन तासांत कंटाळतात. आमच्या मते ठाण्यात शिरायच्या निदान दोन वाटा हव्यात आणि प्रत्येक वाटेची किंमत वेगळी हवी.

चिखलदऱ्याजवळचा गाविलगड बघा. दक्षिणेकडून उभे कडे, वर येणारी वाट लांब आणि अवघड. उत्तरेला मात्र गड डोंगराला जोडलेला, म्हणून त्या बाजूला एकाआड एक तट. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी नेमकी तीच बाजू धरली. अचलपूरहून जड तोफा डोंगरातून, स्वतःच रस्ता तयार करत, मोठा वळसा घालून उत्तरेला नेल्या. बाहेरच्या तटाला खिंडार पाडून १५ डिसेंबरला हल्ला केला. आतला तट तेव्हाही शाबूत होता. मग एक तुकडी शिड्या लावून त्यावर चढली, आत उतरून तिने दरवाजा उघडला आणि गड पडला. वळशाला दिवस लागले, खिंडाराला दारूगोळा लागला आणि शिडीवर जीव पणाला लागले. तुमच्या खेळाडूंसमोरही असाच हिशेब ठेवा: वेळ घालवायचा, आवाज करायचा की जोखीम घ्यायची?

कच्ची जागा नकाशावर दिसलीही पाहिजे. तटातून फुटलेलं पिंपळाचं झाड काढा. त्याच्या मुळांनी चिरे सुटलेले असतात, चढणाऱ्याला हात-पाय रोवायला जागा मिळते आणि नीट पाहणाऱ्या खेळाडूच्या ते लगेच लक्षात येतं.

अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरचा किल्ला दुसऱ्या कारणासाठी बघण्यासारखा आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर तो उभा आहे, बांधकाम पुरं झालं १७५७ मध्ये. एकाच्या आत एक असे तीन दरवाजे. पूर्वी पावसाळ्यात एक जागा सोडली तर चहूकडून पाण्याने वेढला जायचा. म्हणजे तोच किल्ला उन्हाळ्यात वेगळा आणि श्रावणात वेगळा. तुमच्या ठाण्याजवळ नदी असेल तर पुराचं पाणी आम्ही पारदर्शक शीटवर निळ्यात छापून देतो. मूळ नकाशावर ठेवलं की पूर आला, उचललं की ओसरला.

घरांचा हिशेब

घर म्हणजे नकाशावरचा एक चौकोन. एक घर एक इंचाचं, आणि ते खेळात पाच फूट. साधा माणूस एका टर्नमध्ये, म्हणजे त्याची खेळायची वेळ आली की, तीस फूट, म्हणजे सहा घरं चालतो. चढताना एका फुटाला दोन फूट मोजले जातात. म्हणून पंधरा फुटांचा तट एका टर्नमध्ये चढून होतो, पण वीस फुटांचा केला की चढणारा मधेच लटकतो आणि वरचे शिपाई त्याच्यावर तेल, दगड, हाताला येईल ते टाकतात. पाच फुटांनी सगळी लढाई बदलते, तेव्हा तटाची उंची कोपऱ्यात लिहायला विसरू नका.

तटावरची फांजी, म्हणजे पहारेकऱ्यांची चालायची वाट, एक घर रुंद ठेवा, पण बुरुजावर निदान तीन बाय तीन घरं मोकळी हवीत. सगळीकडे एकच घर दिलं तर पुढचा एकटा लढतो आणि मागचे चौघं मोबाइल बघत बसतात. दरवाजा दोन घरांचा करा. घोडा किंवा ऑगर (खेळातला धिप्पाड राक्षस) दोन बाय दोन घरं व्यापतो. दरवाजा सरळ समोर न ठेवता दोन बुरुजांच्या कुशीत वळवून घेतला, तर आत येणाऱ्याला जंग्यांमधून, म्हणजे भिंतीतल्या बाण मारायच्या भोकांमधून, दोन्हीकडून बाण खावे लागतात.

उजेड हा रात्रीच्या खेळाचा जीव. मशालीचा लख्ख उजेड वीस फूट आणि त्यापुढे वीस फूट अंधूक. मशाली चाळीस फुटांवर लावल्या तर तट सलग उजळतो. साठ फुटांवर लावल्या की मधे वीस फुटांचा अंधूक पट्टा राहतो. चोर खेळणाऱ्याला तो पट्टा द्या. मशालीच्या जागा नकाशावर छापायच्या की टोकन म्हणून वेगळ्या ठेवायच्या, ते आधी सांगा. वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. शिपाई कधीतरी मशाल विझवणारच.

आतल्या खोल्यांवर फार जीव टाकू नका. कोठार, तबेला, शिपायांची पडवी, ठाणेदाराची खोली. शौचकूप मात्र काढा. तिथून आत शिरायचा विचार कोणाच्या ना कोणाच्या डोक्यात येतोच.

छपाईचं

दोन बाय तीन फुटांच्या नकाशात चोवीस बाय छत्तीस घरं बसतात. सोळा घरांचं ठाणं एका टोकाला ठेवलं, मागे दोन घरं सोडली, की दरवाजासमोर अठरा घरांचं मैदान उरतं. चालत येणाऱ्याला तीन टर्न उघड्यावर काढावे लागतात. ठाणं मधोमध ठेवलं तर ही गंमत जाते.

ए-थ्री कागदावर अकरा बाय सोळा घरंच मावतात, तेव्हा ऐंशी फुटांचं ठाणं दोन कागद जोडूनच होईल. जोड दरवाजावर येऊ देऊ नका.

फाइल एका घराला दीडशे पिक्सेल या हिशेबाने बनवा, म्हणजे दोन बाय तीनसाठी ३६०० बाय ५४००. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर त्याचा पार चुरा होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. वहीवर पेन्सिलने काढलेला नकाशा आणलात तरी चालेल, आम्ही तो कॉम्प्युटरवर काढून देतो, त्याचे पैसे वेगळे. घरी छापणार असाल तर प्रिंटरमध्ये ‘फिट टू पेज’ बंद करा. नाहीतर इंच आक्रसतो आणि मिनिएचर, म्हणजे खेळातल्या पात्राची छोटी मूर्ती, घरात बसत नाही. आधी एक पान काढून त्यावर पट्टी ठेवून बघा.

साधा फ्लेक्स सर्वांत स्वस्त, पण ट्यूबलाइटखाली चमकतो आणि घडी घातली की रेघ कायमची. गुंडाळूनच ठेवा. पुन्हा पुन्हा खेळायचं असेल तर मॅट व्हिनाइल घ्या. वर लिहून पुसायचं असेल तर ए-थ्रीवर चकचकीत लॅमिनेशन करून घ्या आणि व्हाइटबोर्डचाच मार्कर वापरा. परमनंट मार्करचा डाग आम्हालाही काढता येत नाही.

लग्नसराईत आणि निवडणुकीत मशीन रिकामं नसतं, तेव्हा फाइल आठवडाभर आधी द्या. फ्लेक्सचा भाव चौरस फुटावर आहे. घरांच्या रेघा किती ठळक हव्यात, ते काउंटरवरचे तीन नमुने पाहून सांगा. बहुतेक जण मधली घेतात.