लहान मूल, लहान होडी

मालवणच्या धक्क्यावर, देवबागच्या संगमावर किंवा राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्यांच्या रांगेत सुट्टीच्या दिवसांत एक दृश्य हमखास दिसतं. तीन-चार वर्षांचं मूल आणि त्याच्या अंगावर मोठ्या माणसाचं केशरी लाइफ जॅकेट. जॅकेट गुडघ्यापर्यंत लोंबतंय, बक्कल लावलंय पण पट्टे सैल आहेत, हनुवटी कॉलरमध्ये बुडाली आहे. जॅकेट घातलंय ना, मग झालं, असं समजून आईवडील निर्धास्त होतात. पण हे जॅकेट वेळेला मुलाला वाचवणार नाही. का नाही, हे कळायला शाळेत शिकलेलं आर्किमिडीजचं तत्त्व पुरेसं आहे: वस्तू जितकं पाणी बाजूला सारते, तितक्या पाण्याच्या वजनाएवढं बल तिला वर ढकलतं.

माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. त्यामुळे पाण्यात आपलं वजन जवळजवळ नाहीसं होतं आणि मोठ्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर राहायला साधारण ३ ते ५ किलो वजन पेलण्याइतकाच जादा आधार लागतो. जॅकेटमधला फोम तो आधार देतो. फक्त एक गोष्ट आपण विसरतो. पाणी वर ढकलतं ते जॅकेटला, माणसाला नाही. जॅकेटनं ते बल शरीरापर्यंत पोचवायला हवं, म्हणजे ते कुठेतरी अडायला हवं. मोठ्या माणसाच्या छातीशी ते घट्ट बसतं आणि काखेत अडतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे खांदे अरुंद असतात, कंबर नावालाच असते, आणि घाबरलं की ते हात वर करतं. अशा वेळी सैल जॅकेट वर जातं, मूल खाली राहतं. कधी जॅकेट डोक्यावरून निघून जातं, कधी कॉलर तोंडावर येऊन श्वास अडवते.

म्हणून लहान मुलांच्या चांगल्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा एक पट्टा असतो. बघायला साधा, पण सगळं काम त्याच्यावर आहे. तो लावला की जॅकेटला वर सरकायला जागाच राहत नाही. दुसरी खूण म्हणजे मानेमागची फोमची उशी. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं फार मोठं असतं. नवजात बाळाच्या उंचीचा चौथा भाग डोकंच असतं, दोन वर्षांच्या मुलात पाचवा, मोठ्या माणसात जेमतेम आठवा. एवढं जड डोकं पेलायला मानेचे स्नायू अजून कच्चे असतात. नुसता पाठीला किंवा दंडाला आधार मिळाला तर मूल तोंड पाण्यात घालून तरंगतं. जास्त फोम छातीवर आणि उरलेला मानेमागे असला, तर शरीर उताणं वळतं आणि तोंड आकाशाकडे राहतं. त्या उशीवर बहुधा एक पकडही असते. मूल पाण्यात पडलं तर त्याला तिथंच धरून वर घ्यायचं.

जॅकेट बसलंय की नाही हे धक्क्यावरच दोन सेकंदांत कळतं. सगळे पट्टे आवळा, मुलाला दोन्ही हात वर करायला सांगा आणि जॅकेट खांद्यांपाशी धरून सरळ वर ओढा. ते मुलाच्या कानांपर्यंत आलं तर ते जॅकेट त्याचं नाही. आतल्या बाजूला वजनाची मर्यादा छापलेली असते. वय बघू नका, वजन बघा. पर्यटकांच्या होड्यांवर मुलांच्या मापाची जॅकेट नेहमीच असतील असं नाही, तेव्हा समुद्राकाठी वर्षातून एकदाच जाणार असलात तरी स्वतःचं घेऊन जाणं शहाणपणाचं. फोम दाबून बघा. दाबल्यावर तो पुन्हा फुगत नसेल, कडक झाला असेल किंवा शिवण उसवली असेल तर ते जॅकेट बाद. रंग केशरी, पिवळा किंवा भडक गुलाबी हवा. निळं जॅकेट पाण्यात हरवतं. फुगवायच्या दंडपट्ट्या आणि रबरी टायर ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर होडीत बसू नये.

अगदी तान्ह्या बाळाचं काय? साधारण ८ किलोच्या खालच्या बाळाला नीट बसेल असं जॅकेट मिळणंच अवघड असतं. काही आया बाळाला ओढणीनं किंवा झोळीच्या पट्ट्यांनी छातीशी बांधतात. जमिनीवर ते ठीक, पाण्यात मात्र बाळाचं तोंड आईच्या शरीराखाली अडकू शकतं. होडीच्या फळीला बांधणं तर त्याहून वाईट, कारण होडी उलटली की मूल तिच्यासोबतच जातं. दीड-दोन वर्षांखालचं बाळ असेल तर किल्ला पुढच्या वर्षी बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता होडीकडे बघू. जड डोक्यामुळे लहान मुलाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू, मोठ्या माणसापेक्षा शरीरात वर असतो. काठावरून वाकून पाण्यात हात घालणारं मूल म्हणूनच इतक्या सहज डोक्यावर पडतं. होडीचंही तेच. सगळे खाली बसलेले असले की होडीचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि ती कलली तरी पाणी तिला परत सरळ करतं. माणसं उभी राहिली की तो मध्य वर सरकतो आणि सरळ करणारं बल कमी पडत जातं. त्यात डॉल्फिन दिसला म्हणून सगळे एका बाजूला धावले, तर कोणताही तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, काही करू शकत नाही. तळाशी साचलेलं पाणी आणखी घातक. होडी कलते त्याच बाजूला ते धावतं आणि कल वाढवतं. कोकणातल्या पारंपरिक होड्यांना एका बाजूला उलांडी असते, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेला तरंगता ओंडका. त्यामुळे होडीचा पाया रुंद होतो. पर्यटकांना नेणाऱ्या बहुतेक फायबरच्या होड्यांना तो आधार नसतो.

१८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि १२ मुलं व २ शिक्षिका गेल्या. होडीत मर्यादेपेक्षा जास्त माणसं होती, आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. तिथे ना समुद्र होता, ना लाटा. शांत दिसणारा शहरातला तलाव होता. लहान मुलांना अर्धं मोजून होडीत जास्त जणांना बसवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. तसं दिसलं तर उतरून पुढच्या होडीची वाट बघा, भाड्याचे पैसे गेले तरी चालतील.

चढता-उतरताना घाई करू नका. जंजिऱ्याच्या पायऱ्यांशी लागलेली होडी लाटेबरोबर वरखाली होते आणि दगड व होडी यांच्यातली फट क्षणात उघडते, क्षणात मिटते. मूल कडेवर घेऊन त्या फटीवरून उडी मारू नये. आधी एक मोठं माणूस उतरतं, मग होडी लाटेच्या माथ्यावर असताना मूल हातातून हातात दिलं जातं, मग दुसरं माणूस उतरतं.

मूल पाण्यात पडलं तर आपल्याला ऐकू येईल, असं प्रत्येकाला वाटतं. तसं होत नाही. बुडणारं मूल ओरडत नाही, कारण ओरडायला आधी श्वास लागतो, आणि तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात जेमतेम श्वासच घेता येतो. ते हात हलवून बोलावतही नाही. हात आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभं राहतं, डोकं मागे जातं, आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळं संपू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली आणि त्यांतली जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. होडीत लहान मूल असेल तर एका मोठ्या माणसाचं काम फक्त त्याच्याकडे बघणं, एवढंच असावं. त्या माणसानं फोटो काढू नयेत. दर अर्ध्या तासानं पाळी बदलावी.

बाहेर काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर त्याला उलटं धरून फिरवणं किंवा पोट दाबून पाणी काढणं ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि ती जीवघेणी ठरते. त्यात वेळ जातो, आणि पोटातलं पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं. बुडालेल्याचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबतं, म्हणून आधी तोंडानं श्वास द्यायचा आणि लगेच छातीवर दाब सुरू करायचा. हे एका दुपारच्या प्रशिक्षणात शिकता येतं आणि प्रत्येक पालकानं ते शिकावं. तटरक्षक दलाचा मदतीचा क्रमांक १५५४ आहे, आणि ११२ तर सगळीकडे चालतो. निघण्यापूर्वी दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये घालून ठेवा.

एवढं सगळं सांभाळलं तरी एक प्रश्न उरतोच. चार वर्षांचं मूल तासभर एका जागी बसणार कसं? मला तर हा प्रश्न जॅकेटइतकाच महत्त्वाचा वाटतो. कंटाळलेलं मूल उठतं, आणि उठलेलं मूल काठाकडे जातं. होडीत करमणूक हा सुरक्षेचाच भाग आहे.

सगळ्यात सोपा उपाय मोबाइल, आणि होडीत तोच सगळ्यात वाईट. आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. शरीर कसं हलतंय ते त्यांच्यामुळे मेंदूला कळतं. डोळे पडद्यावर खिळलेले असले की ते सांगतात, सगळं स्थिर आहे. कान सांगतो, आपण डोलतोय. या भांडणातून मळमळ सुरू होते. साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा, अशी संथ गती सगळ्यात जास्त त्रास देते, म्हणून धावत्या होडीपेक्षा नांगर टाकून डोलणाऱ्या होडीत जास्त उलट्या होतात. दोन वर्षांखालच्या मुलांना हा त्रास सहसा होत नाही. नऊ-दहाव्या वर्षाच्या आसपास तो सर्वांत जास्त असतो. मुलाला होडीच्या मध्यभागी, खाली बसवा, कारण तिथे हेलकावा सर्वांत कमी असतो. नजर क्षितिजावर किंवा दूरच्या किनाऱ्यावर लावा. रिकाम्या पोटी नेऊ नका, तळलेलं खाऊ घालून नेऊ नका. पोळीचा तुकडा, चुरमुरे बरे, जरा मोठ्या मुलाला आल्याची वडी. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यायचं. आणि उलटीसाठी पिशवी जवळ हवीच. काठावरून वाकून उलटी करणारं मूल पाण्यात पडायला एक लाट पुरते.

उन्हाबद्दल थोडक्यात. वजनाच्या मानानं लहान मुलाची त्वचा मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असते, त्यामुळे ते लवकर तापतं आणि ओलं होऊन वाऱ्यात बसलं की लवकर गारठतं. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, हनुवटीखाली बांधायची टोपी, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि भरपूर पाणी. सकाळी दहाच्या आत परत आलात तर उत्तम.

आता पुन्हा करमणुकीकडे. मोबाइलऐवजी खेळ असा हवा, ज्यात डोळे बाहेर राहतील आणि बूड फळीवर. खाडीत हे फार छान जमतं. कांदळवनाच्या कडेनं संथ जाताना खंड्या, बगळे, पाणकावळे, पांढऱ्या डोक्याची तांबूस घार दिसतात. एका मुलानं डावा काठ घ्यायचा, दुसऱ्यानं उजवा, आणि पक्षी मोजायचे. सगळ्यांनी एकाच बाजूला बघायचं नाही, हा खेळाचाच नियम, आणि होडीचा तोलही त्यानंच सांभाळला जातो.

जरा मोठ्या मुलांना होडीचा वेग काढायला आवडतो. पुढे नाळेपाशी बसलेला माणूस आंब्याचं पान पाण्यात टाकतो. ते होडीच्या मागच्या टोकाशी येईपर्यंत मुलं मोठ्यानं आकडे मोजतात. होडी ८ मीटर लांब असेल आणि ४ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे तासाला ७ किलोमीटरच्या थोडा वर. घड्याळ नसलं तरी चालतं, आणि उत्तर बरोबर आलं की तांडेलही खूश होतो.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र ताटलीचा. अँजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोपच्या जहाजावरून एक पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजलं. पाण्याचा गढूळपणा मोजायला आजही संशोधक हीच पद्धत वापरतात. घरी करायला पांढरी प्लॅस्टिकची ताटली, मध्ये भोक, खाली बांधलेला दगड आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारलेली दोरी एवढंच लागतं. होडी खाडीत शांत उभी करायची. दोरी मोठ्या माणसानं सावलीच्या बाजूनं सोडायची आणि नजरही त्यानंच पाण्यात ठेवायची. मूल मध्यभागी बसून हातातून जाणाऱ्या गाठी मोजतं. ताटली गेली, असा पुकारा झाला की गाठींचा आकडा वहीत लिहायचा.

खाडीच्या आत, जिथे नदी गाळ घेऊन येते, तिथे ताटली दोन-तीन गाठींतच गडप होऊ शकते. तोंडापाशी, स्वच्छ समुद्राचं पाणी आत येतं तिथे, दोरी बरीच पुढे जाते. जितक्या खोलीवर ताटली हरवते त्याच्या साधारण दोन-तीन पट खोलीपर्यंत सूक्ष्म वनस्पतींना अन्न बनवण्यापुरता उजेड पोचतो, आणि मासे, खेकडे, ती मघाची घार, सगळ्यांच्या जेवणाची सुरुवात त्या थरात होते. एकाच जागी भरतीला आणि ओहोटीला मोजलंत तर बहुधा दोन वेगळे आकडे येतील. असं का, हे मुलांना लगेच सांगू नका, त्यांना तांडेलाला विचारू द्या. पाणी कधी चढतं, कधी उतरतं आणि गाळ कुठून येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.