दारूवरचे उपचार आणि खुणांची भाषा: गोव्यातली पार्श्वभूमी

दारू सोडवताना औषधांचा खरा भार पहिल्या आठवड्यावर असतो. हात कापतात, झोप उडते, फिट येते, भास होतात, आणि हे सगळं गोळ्या, सलाईन, थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) देऊन सांभाळता येतं. त्यानंतर महिनोन्‌महिने चालतं ते बोलणं. म्हणून कर्णबधिर माणूस इस्पितळात पोचला तरी उपचारापर्यंत पोचलेला नसतो.

या अडचणीचं मूळ फार मागे आहे. 1880 साली मिलानमध्ये भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिर मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणा वापरायच्या नाहीत, असा ठराव केला. जगभरच्या शाळांनी तो उचलला. आपल्याकडेही ओठ वाचायला लावण्याचीच रीत पडली. वर्गात बंदी आली तरी मधल्या सुट्टीत, वसतिगृहात खुणा चालूच राहिल्या. भारतीय सांकेतिक भाषेचा भाषा म्हणून अभ्यास सुरू झाला तो 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात. तोवर कित्येक पिढ्या खुणांत विचार करत आणि अर्धवट कळणाऱ्या लिखित भाषेत परीक्षा देत मोठ्या झाल्या होत्या. 'कागदावर लिहून द्या, वाचतील की' असं आजही सहज म्हटलं जातं. पण लिहिलेली मराठी ही त्यांची दुसरी भाषा असते, हे त्या म्हणणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

दारू गोव्याला नवी नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. त्याच्या बोंडांपासून उन्हाळ्यात हुर्राक ही पहिल्या धारेची दारू आणि मग फेणी निघते. मुंबई प्रांतात 1949 साली दारूबंदीचा कायदा आला तेव्हाही पोर्तुगीजांच्या गोव्यात गावोगावची ताव्हेर्नं, म्हणजे दारूची दुकानं, उघडीच होती. काजूफेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. उपचारांची वाट मात्र बराच काळ मनोरुग्णालयाच्या दारातून जायची, आधी पणजीच्या आल्तिनो टेकडीवर आणि नंतर बांबोळीला.

1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची पद्धत म्हणजे गोल बसून एकमेकांचं ऐकणं. ऐकू न येणाऱ्याला तिथे जागा कुठली? मिनियापोलिसमध्ये 1989 साली कर्णबधिरांसाठी खास व्यसनमुक्ती केंद्र निघालं. तिथे समुपदेशक स्वतः खुणांत बोलायचे, आणि 'पायऱ्यां'चा, म्हणजे अनॉनिमसच्या दारू सोडण्याच्या टप्प्यांचा, गृहपाठ लिहिण्याऐवजी चित्रं काढून करता यायचा. मला ही फार शहाणपणाची गोष्ट वाटते.

गोव्याचा स्वतःचा धडाही तितकाच मोलाचा आहे. 'संगथ' या संस्थेने गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांबरोबर समुपदेशनाची एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशन करणारे ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्रज्ञ. ती प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. जास्तीत जास्त चार भेटी व्हायच्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातल्या 36 टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या पातळीखाली आलं, तर एरवीची काळजी मिळालेल्या गटात हे प्रमाण 26 टक्के होतं. लोकांची भाषा बोलणारा, शिकवून तयार केलेला माणूस पुरतो हे इथे सिद्ध झालं असेल, तर तो माणूस कर्णबधिर का नसावा?

दुभाषी हवेतच. ते नसले की बायको किंवा शाळकरी मुलगी दुभाषी होते. मग 'मारहाण केलीस का?' हा प्रश्न त्या मुलीनेच बापाला विचारायचा! बाहेरचा दुभाषी मिळाला तरी कर्णबधिरांचं जग लहान. तोच उद्या ओळखीच्या लग्नात भेटतो. आणि भ्रमात तडफडणाऱ्या रुग्णाचे हात बांधले, तर खुणांत बोलणाऱ्याचं तोंडच बांधलं जातं.

2016चा दिव्यांग हक्क कायदा संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा धरतो. 2017चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या गैरवापरातून येणारे मनोविकार आपल्या कक्षेत घेतो. दिल्लीच्या सांकेतिक भाषा केंद्राचा कोश 2021मध्ये 10,000 शब्दांवर गेला. जानेवारी 2023मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा भरला.

आता काम उरतं ते बारीक. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याबद्दलची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ती खुणांत आणताना शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. 'एका वेळी किती?' हा प्रश्न आपल्याला पेग, क्वार्टर, ग्लास अशा शब्दांत अडकवतो. खुणांत बोलणारा माणूस ग्लास केवढा आणि कुठवर भरलेला, हे बोटांनी सरळ दाखवतो.