पासवर्डातून किल्ली घडवताना

कऱ्हाडच्या बाजारपेठेतील एखाद्या अडत दुकानाचा वर्षभराचा हिशेब आता संगणकावर असतो आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा क्लाउडवर ठेवलेली असते. गूळ आणणाऱ्या शेतकऱ्यांची बँक खाती, त्यांनी घेतलेली उचल, पट्टीच्या रकमा असे सारे त्या प्रतीत असते, त्यामुळे ती कूटबद्ध करूनच ठेवायला हवी. त्यासाठी एईएस-२५६ ही सर्वमान्य पद्धत वापरायची, तर तिला नेमकी ३२ बाइटची, म्हणजे २५६ बिटांची किल्ली लागते आणि त्यातील कोणता बिट शून्य व कोणता एक, याचा अंदाज कोणालाही करता येता कामा नये. अशा शक्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी भरते. दुकानदाराच्या लक्षात मात्र असा आकडा राहणे अशक्य असते. त्याच्या लक्षात राहतो पासवर्ड, आणि पुष्कळदा तो स्वतःचा मोबाइल क्रमांक असतो.

या दोहोंमधील अंतर कसे भरून काढायचे, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे. नवशिक्याला सुचणारा मार्ग असा, की पासवर्ड एसएचए-२५६ या हॅश फलनातून, म्हणजे कोणत्याही मजकुराचे ठराविक लांबीच्या आकड्यात रूपांतर करणाऱ्या सूत्रातून, एकदा काढावा. उत्तर बरोबर ३२ बाइटचे येते आणि पाहणाऱ्याला ते पूर्णपणे यादृच्छिक वाटते. पण हॅश फलन मुळात नसलेली अनिश्चितता निर्माण करू शकत नाही. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असतो आणि त्याचा पहिला अंक ६ ते ९ यांपैकी असतो, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी, सुमारे ३२ बिटांच्या. एखादे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १,००० कोटी हॅश काढते असे धरू. आजच्या चांगल्या कार्डांच्या बाबतीत हे गृहीतक अवास्तव नाही. तेव्हा ती प्रत ज्याच्या हाती पडेल, त्याला सर्व क्रमांक तपासून पाहायला अर्धा सेकंदही लागणार नाही. एईएस कितीही भक्कम असले, तरी इथे त्याचा काहीच उपयोग होत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्स या कार्यप्रणालीतील पासवर्डांच्या सुरक्षिततेवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यात वर्णन केलेल्या पद्धतीत कूटबद्ध करण्याची क्रिया मुद्दाम २५ वेळा केली जात होती, जेणेकरून प्रत्येक अंदाज तपासण्याचा खर्च वाढावा. शिवाय प्रत्येक पासवर्डाला १२ बिटांची एक यादृच्छिक संख्या जोडली जात होती, जिला सॉल्ट म्हणतात. हीच कल्पना पुढे पासवर्डातून किल्ली काढण्याच्या पीबीकेडीएफ२ या पद्धतीत प्रमाणित झाली. २००० साली तिचा प्रमाण दस्तऐवज निघाला, तेव्हा किमान १,००० आवर्तनांची, म्हणजे तीच क्रिया तितक्या वेळा करण्याची, शिफारस होती. आज ओवॅस्प ही सॉफ्टवेअर-सुरक्षेसाठी काम करणारी संस्था एसएचए-२५६ सह तीच पद्धत वापरायची असल्यास ६ लाख आवर्तने सुचवते.

पायथॉनच्या हॅशलिब या अंगभूत लायब्ररीत हे सर्व काम एका ओळीत होते: हॅशचे नाव, पासवर्ड, सॉल्ट, आवर्तनांची संख्या आणि हवी ती लांबी द्यायची, की किल्ली मिळते. सोय मोठी आहे, पण आवर्तने किती आणि सॉल्ट कोठून आणायचा, हे लायब्ररी ठरवत नाही, आणि सुरक्षितता नेमकी त्याच निर्णयांवर अवलंबून असते.

वरचेच गणित पुन्हा करून पाहू. पीबीकेडीएफ२ च्या प्रत्येक आवर्तनात दोन हॅश धरले, तर ६ लाख आवर्तनांना एका अंदाजामागे १२ लाख हॅश लागतात, आणि त्याच कार्डाला ४०० कोटी क्रमांक तपासायला सुमारे साडेपाच दिवस लागतात. अर्ध्या सेकंदाचे साडेपाच दिवस झाले, हे खरे. तरीही मोबाइल क्रमांक हा पासवर्ड म्हणून निरुपयोगीच ठरला, हेही तितकेच खरे. याउलट पाच हजार सोप्या मराठी शब्दांच्या यादीतून संगणकाने यादृच्छिक रीतीने पाच शब्द निवडून दिले, तर त्याच कार्डाला सगळ्या शक्यता संपवायला एक कोटीहून अधिक वर्षे लागतील. शब्द माणसाने स्वतःच्या आवडीने निवडले, तर हे गणित लागू होत नाही.

सॉल्टचे काम वेगळे आहे. सॉल्ट नसेल, तर एकदा तयार केलेला किल्ल्यांचा तक्ता साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या प्रत्येक दुकानाच्या फाइलवर चालतो; सॉल्ट असेल, तर प्रत्येक फाइलसाठी सगळे कष्ट नव्याने करावे लागतात. तो १६ बाइटचा असावा, प्रत्येक वेळी कार्यप्रणालीच्या यादृच्छिक स्रोतातून नवा घ्यावा आणि फाइलच्या सुरुवातीला उघडपणे लिहून ठेवावा. तो लपवण्याची गरज नसते. घरच्या वाय-फायमध्येही हीच रीत आढळते: डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत आपला पासवर्ड पीबीकेडीएफ२ च्या ४,०९६ आवर्तनांतून जातो आणि सॉल्ट म्हणून नेटवर्कचे नाव वापरले जाते. म्हणूनच राउटरबरोबर आलेले सर्रास आढळणारे नाव तसेच ठेवणे चांगले नाही, कारण अशा नावांसाठी तक्ते आधीच तयार करून ठेवता येतात.

पीबीकेडीएफ२ ची उणीव अशी, की तिला मेमरी जवळजवळ लागत नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्डावरील हजारो गणकांना एकाच वेळी कामाला लावता येते. कॉलिन पर्सिव्हल यांनी २००९ मध्ये मांडलेल्या एसक्रिप्टने आणि २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत विजयी ठरलेल्या आर्गॉन२ ने हीच वाट अडवली. आर्गॉन२ ला प्रत्येक अंदाजामागे ६४ मेबिबाइट मेमरी लागेल असे ठरवले, तर २४ गिबिबाइटच्या कार्डावर एका वेळी ३८४ हूनही कमी अंदाज मावतात. दुकानाच्या संगणकाला मात्र ते ओझे दिवसातून एकदोनदाच उचलायचे असते. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आर्गॉन२ चा आर्गॉन२आयडी हा प्रकार निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एचकेडीएफ नावाच्या फलनाशी मात्र गल्लत होऊ देऊ नये. आधीच भक्कम असलेल्या एका किल्लीतून वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या किल्ल्या काढणे हे त्याचे काम आहे. ते मुद्दाम वेगवान ठेवलेले असते, म्हणून पासवर्डासाठी ते चालत नाही.

मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. लायब्ररीला अक्षरे कळत नाहीत, तिला बाइट द्यावे लागतात. ‘कऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर घेऊन लिहिला, तर यूटीएफ-८ या अक्षरांचे बाइट करण्याच्या पद्धतीत त्याचे १८ बाइट होतात. तोच अर्धा र एखाद्या कळफलकाने साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून उमटवला, तर २१ होतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण किल्ल्या सर्वस्वी भिन्न तयार होतात, आणि संगणकावर बंद केलेली फाइल मोबाइलवर योग्य पासवर्ड देऊनही उघडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण आधी करून घेतल्यास नुक्ता, म्हणजे ‘ऱ’ मधील अक्षराखालचा टिंब, वेगळा लिहिल्याने पडणारा फरक मिटतो, मात्र जोडचिन्हामुळे पडणारा फरक मिटत नाही. त्यासाठी प्रोग्रॅममध्ये दोन्ही रूपे एकाच रूपात आणण्याची वेगळी तरतूद करावी लागते. ही तरतूद पहिल्या दिवसापासून असायला हवी, कारण नंतर ती घातली की आधीच्या फाइलींच्या किल्ल्या बदलतात.

त्याच कारणाने फाइलीच्या सुरुवातीला सॉल्टबरोबर पद्धतीचे नाव, आवर्तने, मेमरीचे माप आणि आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवावा. पुढे यंत्रे वेगवान झाली, की नव्या फाइलींसाठी आकडे वाढवता येतात आणि जुन्या फाइली त्यांच्या त्यांच्या नोंदीप्रमाणे उघडत राहतात.