मोड आणलेले धान्य दळायला देण्यापूर्वी

नाचणी, ज्वारी किंवा गहू भिजवून, मोड आणून दळायला देणारे ग्राहक अलीकडे वाढले आहेत आणि ‘धान्यातले फायटेट नेमके जाते कसे’ हा प्रश्नही गिरणीत वारंवार विचारला जातो. दळणाच्या डब्यांची रांग लागलेली असताना त्याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते येथे लिहून देत आहोत.

फायटिक आम्ल (धान्यात ते क्षाररूपात असते, त्यालाच फायटेट म्हणतात) म्हणजे बियाण्याने उगवणाऱ्या रोपासाठी राखून ठेवलेला फॉस्फरसचा साठा होय. गव्हात आणि तांदळात तो मुख्यतः कोंड्याच्या थरात असतो. त्याच्या रेणूवर फॉस्फेटचे ६ गट असतात आणि ते लोह, जस्त व कॅल्शियम यांना असे धरून ठेवतात, की लहान आतड्यात ही खनिजे विरघळत नाहीत आणि बरीचशी शोषली न जाता पुढे निघून जातात. गाईम्हशींच्या पोटातले सूक्ष्मजीव फायटेज नावाचे विकर, म्हणजेच एन्झाइम, तयार करून ही पकड सोडवतात. माणसाच्या लहान आतड्यात मात्र ते नगण्य असते. मोठ्या आतड्यातले जिवाणू थोडे फायटेट तोडतात खरे, पण लोह आणि जस्त शोषले जाण्याची मुख्य जागा तोवर मागे पडलेली असते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असले, तरी ते सगळे अंगी लागत नाही, त्याचे एक कारण हेच.

हे विकर धान्यातही असते आणि पाणी मिळाले की कामाला लागते. गव्हात ते भरपूर असते, तांदूळ, ज्वारी आणि नाचणीत कमी. त्यामुळे नाचणी रात्रभर नुसती भिजवून फारसे साधत नाही. तिला मोड आणावे लागतात किंवा तिच्या पिठाची आंबील करावी लागते. तरीही फायटेट कमी होते, पूर्णपणे जात नाही. धान्य आधी भाजून मग भिजवले किंवा कढत पाण्यात टाकले, तर उष्णतेने विकर निकामी होते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

आता आमच्या अडचणीविषयी. मोड आलेले धान्य एक दिवस वाळवून, वरून कोरडे दिसले की दळायला आणले जाते. काही जण घाईने ते कढईत परततात. त्याने साल कुरकुरीत होते, पण आतला ओलावा तसाच राहतो. असे धान्य घातले की दगडांच्या खाचांत लगदा बसतो, गिरणी थांबवून दगड उचलावे लागतात, कधी पुन्हा टाकी लावावी लागते आणि मागच्या सगळ्यांचे दळण खोळंबते. आपलेही पीठ गरम होऊन गोळे धरते व थोड्याच दिवसांत त्याला कुबट वास येतो. म्हणून आम्ही घेण्यापूर्वी दाणा दाताखाली धरून पाहतो. तो कट्‌कन फुटला तरच दळतो, दबला तर डबा परत देतो. हा आडमुठेपणा वाटत असल्यास आमचा नाइलाज आहे. पातळ पसरून कडक उन्हात २ ते ३ दिवस वाळवावे, मोड चोळून पाखडावेत आणि भाजायचे असल्यास त्यानंतरच, मंद आचेवर भाजावे.

आमच्याकडच्या नाचणी सत्त्वाची पेज दाट होत नाही, अशीही तक्रार येते. त्यात भेसळ नाही. मोड येताना तयार झालेले दुसरे एक विकर धान्यातला स्टार्च मोडून त्याची साखर करते, त्यामुळे पेज पातळ आणि किंचित गोड होते. लहान मुलाला तेवढ्याच वाटीत जास्त पीठ देता येते, हा त्याचा फायदाच आहे.

फायटेट हे विष नव्हे आणि त्याच्या भीतीने मैद्याकडे वळण्याचे कारण नाही, कारण कोंड्याबरोबर खनिजेही जातात. जेवणात लिंबू किंवा आवळा असावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये, एवढ्याने लोहाचे शोषण सुधारते. गरोदर स्त्रिया आणि अंगात लोह कमी असलेल्यांनी हे पाळावेच, मात्र औषधाला पीठ हा पर्याय नव्हे.

पावसाळ्यात घरी धान्य वाळत नाही. ज्यांना शक्य नसेल त्यांनी कोरडे, निवडलेले धान्य आणून द्यावे. मोड आणणे, वाळवणे, भाजणे आणि दळणे हे सर्व आम्ही मागणीप्रमाणे करून देतो. दर दळणापेक्षा जास्त आहे, कारण त्यात ४ ते ५ दिवसांचे काम असते. डब्यावर नाव आणि धान्याचे वजन लिहून द्यावे.